दचकू नये म्हणून

आमच्या आईचा आवाज विक्रोळीच्या आमच्या चाळीत प्रसिद्ध होता. तिसऱ्या मजल्यावरून ती काय हवं ते सांगायची आणि रस्त्यापलीकडे वाणी पुडी बांधायला घ्यायचा. ती मालवणकडची. तिकडे घरं लांब लांब, मध्ये माड, तेव्हा 'जेवायला या' एवढं म्हणायलाही ओरडावंच लागतं, असं तिचं म्हणणं. एकदा कारखान्याचा भोंगा बिघडला तेव्हा बाबांच्या पाळीवाले म्हणाले होते, वहिनींना गेटवर उभं करा. आमच्याकडे माया, राग, मिठाची चौकशी, सगळं एकाच पट्टीत चालायचं.

मी चौदा वर्षांची असताना तो आवाज बंद झाला, आणि माझ्यामुळे झाला.

बाबांची पहिली पाळी असली की पहाटे गजराचं घड्याळ लागायचं. मेल्याला उठवेल असलं घड्याळ. एक दिवस ते वाजलं, मी अंथरुणात उठून बसले आणि तशीच कलंडले. शुद्धीवर आले तेव्हा एका बाजूने नाकाशी बाबांची चप्पल होती आणि दुसऱ्या बाजूने आमच्या मजल्यावरच्या काकू फोडलेला कांदा धरून बसल्या होत्या. फिट आली, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. नाक्यावरच्या डॉक्टरांनीही फिटच्या गोळ्या दिल्या. त्या खाऊन मी वर्गात पेंगायचे, आणि पडायचे ते पडायचेच. जिन्यात कुणी लवंगी फटाका लावला, पडले. वाण्याकडचा फोन कानाशी खणखणला, पडले. भोंग्याला मात्र कधी पडले नाही, कारण तो हळूहळू चढत जातो. हे माझ्या लक्षात आलं होतं, पण मला विचारतंय कोण? मी पडणारी. विचारायचं ते उभ्या असलेल्यांना.

शेवटी कुणाच्या तरी ओळखीने शहरातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात गेलो. तिथले डॉक्टर तरुण होते, हृदयाच्या ठोक्यांवर काहीतरी संशोधन करत होते. त्यांनी आईबाबांना गप्प बसवलं आणि मला विचारलं, "पडायच्या आधी काय झालं होतं?"

"आवाज," मी म्हटलं. "एकदम झालेला."

त्यांनी लगेच माझा कार्डिओग्राम काढला आणि त्या कागदावर कर्कटक ठेवून मापं घेत बसले. आमच्या कंपासपेटीत असतं तसलंच कर्कटक. मग म्हणाले, ही फिट नाही. हिचं हृदय चांगलं आहे, फक्त एका ठोक्यानंतर पुढच्यासाठी तयार व्हायला त्याला जरा जास्त वेळ लागतो. नेमकं तेवढ्यात ही दचकली की ठोक्यांचा गोंधळ उडतो, रक्त पुढे जात नाही आणि ही पडते.

फिट नाही म्हटल्यावर आईने पदराने तोंड पुसलं. फिटवाली पोर म्हणून हिला कोण पदरात घेणार, याचा घोर तिने आतापासून लावून घेतला होता. पण डॉक्टरांचं बोलणं संपलं नव्हतं. "गोंधळ आपोआप थांबतो तोवर ठीक आहे," ते म्हणाले. "एखाद्या वेळी थांबला नाही, तर ही उठायची नाही. घरात आधी कुणाचं असं झालंय?"

बाबा चार माणसांत तोंड उघडणारे नव्हेत. ते खाली बघत म्हणाले, "माझी धाकटी बहीण. शिमग्यात पालखी दारात आली, एकदम ढोल वाजला आणि ती पडली. देवाने नेली म्हणाले सगळे. हिच्याएवढीच होती."

आईला हे लग्नानंतर इतक्या वर्षांनी पहिल्यांदा कळत होतं. एरवी तिने तिथल्या तिथे बाबांचा समाचार घेतला असता. आता तिने नुसता माझा दंड धरला.

संशोधनासाठी म्हणून डॉक्टरांनी आमचा सगळ्यांचा कार्डिओग्राम काढला. आईचा आणि माझ्या भावाचा ठीक निघाला. बाबांचा मात्र माझ्यासारखाच लांबलेला. डॉक्टर चक्रावले. बाबांना विचारलं, "तुम्हाला दचकायला होत नाही कधी?" बाबांनी आईकडे पाहिलं आणि म्हणाले, "आता नाही होत." तेवढंच एकदा त्या खोलीत कुणीतरी हसलं.

अमेरिकेत म्हणे तेव्हा नुकतंच एक यंत्र पोटाच्या कातडीखाली बसवायला लागले होते. त्याच्या तारा हृदयाला जोडतात, आणि ठोक्यांचा गोंधळ झाला की ते आतल्या आत झटका देऊन हृदयाला ताळ्यावर आणतं. तिकडेही फार थोड्यांना बसवलंय, आपल्याकडे ते नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. आपल्याकडे गोळ्या आहेत. त्या आधी कमी देऊन बघू, मग वाढवू, तोवर हिला दचकवू नका. आईने हळूच विचारलं, "ते यंत्र आवाज करतं का हो?"

झालं. 'दचकवू नका' हे शब्द आईने असे काही धरले की विचारू नका, आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत सगळ्या चाळीने धरले. आमचं गजराचं घड्याळ ट्रंकेत गेलं आणि बाबा खिडकीतलं आभाळ बघून उठायला लागले. कुकर गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला काकूंकडे लागायला लागला, त्याच्यासोबत आमची डाळही तिकडेच. दारावर कुणी थाप मारेना. मजल्यावरच्या बायका नळावर भांडायच्या त्यासुद्धा कुजबुजत, आणि कुजबुजत भांडण होतं का कधी? ते अर्ध्यातच विझायचं. माझ्या भावाला त्याचे मित्र खालून हाका मारायचे, ते आता नुसते हात हलवत उभे राहायचे. पोरं माझ्याकडे बघत माझ्या बाजूने जपून जायची. मला तर एकेकाचं डोकं फोडावंसं वाटायचं.

पण खरी भीती आईची वाटायची. ती माझ्याशी हळू बोलायला लागली होती. "बाळा, दूध घेतेस ना?" बाळा म्हणे. जन्मात तिने मला बाळा म्हटलं नव्हतं, मेले आणि भवाने यावरच मी मोठी झाले. मी आमटी करपवली तर म्हणायची, असू दे गं. गणितात नापास झाले तरी असू दे. आमच्याकडे हळू बोलतात ते घरात प्रेत असतं तेव्हा. मी रात्री पडल्या पडल्या विचार करायचे, ही मला आत्तापासूनच गेलेली धरून चालली आहे की काय.

आणि एवढं सांभाळून मी पडलेच. एका दुपारी खोलीत तांदूळ निवडत बसले होते. काकू कुकर घेऊन आल्या. मी दचकू नये म्हणून बिचाऱ्या चपला बाहेर काढून चवड्यांवर आल्या, श्वाससुद्धा न घेता माझ्यामागे उभ्या राहिल्या आणि माझ्या खांद्यावर अलगद हात ठेवला. मी सरळ तांदळात. काकू कुकर टाकून छाती बडवत बसल्या, आणि शुद्धीवर आल्यावर मलाच त्यांना पाणी द्यावं लागलं.

डॉक्टरांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. "अहो, मांजरासारखे येऊ नका. चाहूल द्या तिला. चपला वाजवा, खोका, बोलत या." त्यांनी गोळ्या वाढवल्या, बाबांनाही सुरू केल्या. पुढच्या खेपेला म्हणाले, घरातलं ते घड्याळ घेऊन या.

घड्याळ आलं. मला पलंगावर निजवलं, छातीला तारा लावल्या आणि शेजारी झटका द्यायचं मोठं यंत्र आणून ठेवलं, लागलंच तर असावं म्हणून. आईला बाहेर बसवलं. डॉक्टरांनी मला गप्पांत गुंतवलं आणि उशामागे कुणीतरी ते घड्याळ वाजवलं. माझी छाती धडधडली. पण मी त्यांच्याकडे बघत होते, ते कागदाकडे, आणि कागदावर सुई आपली एका चालीने चाललेली. "अजून एकदा," ते म्हणाले. पुन्हा तेच. मग त्यांनी कागद बाहेर नेऊन आईला दाखवला. आता ही गोळी चुकवायची नाही, बाकी हिला खुशाल जगू द्या.

मी येताना इतकी हलकी होते की घड्याळ पिशवीत न ठेवता मांडीवर घेऊन बसले. आई म्हणाली, "हळू गं बाळा, वाजेल ते." कागद दिसला होता तिला, पण पटला नव्हता.

गोळ्या चालू राहिल्या. मी पडले नाही. चाळ हळूहळू विसरली, कुकर घरी आला. आई तेवढी विसरली नाही.

मग एकदा शनिवारची शाळा सुटून मी घरी आले. आई बाजारात गेली होती. गॅलरीतली कपड्यांची दोरी कप्पीवरून निसटली होती आणि ओल्या चादरी खाली लोंबत होत्या. मी कठड्यावर चढले. एक हात खांबाला, एक पाय कठड्यावर, दुसरा बाहेर, आणि दोरी ओढत होते. तिसरा मजला.

"गो चेडवाऽऽ! मरतलंस! उतर खाली!"

चौकातून आला तो आवाज. इतक्या महिन्यांचा साठलेला. वाणी रस्त्यात आला, दारं उघडली, कावळे उडाले. मी खांब घट्ट धरला आणि खाली पाहिलं. आई मासळीची पिशवी टाकून दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून उभी होती. आपण काय केलं ते तिला तोवर कळलं होतं. सगळी चाळ माझ्याकडे बघत होती, कुणी हलेना. माझी छाती धडधडत होती, पण एका चालीने.

"उतरतेय ना," मी वरून म्हटलं. "ओरडतेस कशाला?"

मी गॅलरीत उतरले. आई जिने कशी चढून आली देव जाणे. तिने माझ्या छातीवर हात ठेवला, बराच वेळ काढलाच नाही. मग तोच हात उचलून पाठीत एक सणसणीत धपाटा घातला आणि तोंड सोडलं. दोरीवरून सुरू झाली ती कठड्यावर, कठड्यावरून त्या करपलेल्या आमटीवर, तिथून गणितावर. सगळं लक्षात ठेवलं होतं बाईने. खाली मांजरांनी बांगडे नेले, तेही माझ्याच नावावर लागलं. मी भिंतीला टेकून रडत होते आणि मला इतकं बरं वाटत होतं की तिने थांबू नये असं वाटत होतं. ती थांबणार नव्हतीच.

दिवेलागणीला भावाला दुकानात पाठवलं, तर बाबा खालच्या जिन्याच्या पायरीवर डबा मांडीवर घेऊन बसलेले. पाळी कधीच सुटली होती. तो म्हणाला, बाबा, वर का नाही आलात?

बाबा म्हणाले, "ऐकत होतो."