सुरेखापासून लपवलेली सुट्टी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. आता तुम्हाला सांगायला बसलेय, तर — कुठून सुरुवात करू, तेच सुचेना.

नव्वदच्या दशकात कोल्हापुरात वजन उचलणारी मुलगी म्हणजे बघायला गर्दी. शिवाजी पेठेतल्या आमच्या जिममध्ये आम्ही दोघीच — मी आणि सुरेखा. वय एक, वजनगट एक. विद्यापीठाच्या संघात त्या गटाची जागाही एकच. आणि खरं सांगू? ताकद तिची जास्त होती. एवढं कबूल करायलाच मला इतकी वर्षं लागली, बघा!

आमच्या सरांना एकच ठाऊक — आणखी उचला. पण एका शिबिरात सांगलीच्या एका थोरल्या खेळाडूनं मला बाजूला घेऊन शिकवलं होतं: सकाळी अंथरुणातच नाडी मोजायची. ठोके रोजच्यापेक्षा बरेच जास्त पडले, झोप उडाली, जेवण नकोसं झालं, की समजायचं — शरीराची झीज भरून निघत नाहीये. त्या दिवशी बारला हात लावायचा नाही.

मग मी बुधवारी आणि रविवारी नृसिंहवाडीला मावशीकडे जायला लागले. पोटभर जेवायचं आणि ताणून द्यायची, बस. सुरेखानं विचारलं तेव्हा मी काय सांगितलं?

"मावसभावाचं वजनं उचलायचं सगळं सामान हाय की तिथं. एक दिस खाडा न्हाय."

किती सहज बोलून गेले! मग तीही खाडा करेना. आठवड्याचे सातही दिवस.

दोन महिन्यांत तिची रया गेली. डबा तसाच परत न्यायची, उगाच कुणावरही खेकसायची, कोपर चोळत बसायची. आधी लीलया उचललेली वजनं हातून सुटायला लागली. सर म्हणायचे, कष्ट कमी पडतायत. ती आणखी करायची. आणि मी — मी तिच्या बारला प्लेटा चढवत होते! एकेक लक्षण मला पाठ होतं. एका वाक्याचं काम होतं हो. एका!

एकदा तिनं विचारलंही, "तू दमत न्हाईस व्हय गं?"

"न्हाय," मी म्हणाले.

निवड चाचणीत पहिल्याच वजनाला तिचा कोपर निखळला. संघात मी गेले. तिनं पुन्हा बार धरला नाही. लोक अजून माझ्या जिद्दीचं कौतुक करतात आणि माझ्या अंगाचा तिळपापड होतो. जिद्द कसली? मी तर झोपा काढत होते.

मध्ये दहा-बारा वर्षं गेली. एका लग्नात सुरेखा भेटली. शाहूवाडीकडं दिलंय तिला. तिचा उजवा हात अजून सरळ होत नाही. चारचौघी बायकांना मला दाखवत ती म्हणाली, "ही लई कष्टाची बघा. माझ्यातच दम न्हवता."

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. ती समोर उभी होती, वेळही होती. कोण अडवत होतं मला?

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "जाऊ दे गं आता."

मी — तिला.