दारातली हरळी

गाव सोडलं त्या सकाळी माझ्या वडिलांनी, आबांनी, स्वतः गाडी जुंपली. सामान फार नव्हतंच. एक ट्रंक, दोन गोधड्या, भांड्यांचं एक पोतं. जर्मनच्या दुसऱ्या लढाईचे दिवस होते. माझे यजमान श्रीरामपूरकडच्या एका साखर कारखान्यात काट्यावर कारकून म्हणून लागले होते. गाड्यांमधून ऊस आला की त्याचं वजन लिहून घ्यायचं काम. नोकरीबरोबर क्वार्टर मिळालं, म्हणून मलाही निघावं लागलं. आई गाडीच्या चाकावर हात ठेवून उभी होती. "सकाळी उठलीस की आदी दार झाड, मंग चुलीकडं बघ," एवढंच ती म्हणाली. आबांनी नेवाशापर्यंत गाडी स्वतःच हाकली.

गावाकडच्या बायांनो, तुम्ही मला भाग्यवान म्हणत होतात आणि तुमचं चुकत होतं असंही नाही. दगडी भिंती, वर मंगलोरी कौलं, हाकेच्या अंतरावर नळ. पण दार उघडून बाहेर पाहिलं आणि मी चक्रावलेच. जिथे अंगण असायला हवं तिथे तिरप्या विटांची चौकट, आणि तिच्या आत काठोकाठ भरलेली हरळी.

हरळी! आपल्याकडे रानात हरळी शिरली की घरातल्या माणसांची झोप उडते. माझ्या आबांचं सगळं तरुणपण ती खणण्यात गेलं. कुदळीने ढेकूळ उलटायचं, त्यातल्या मुळ्या, आपण काशा म्हणतो त्या, एकेक वेचायच्या, उन्हात वाळवायच्या आणि जाळायच्या. एक काशी मागे राहिली की पुढल्या पावसाळ्यात रान पुन्हा हिरवंगार. आणि इथे शिकलेसवरलेले लोक तीच हरळी विकत आणल्यासारखी दारात लावत होते, तिला नळाचं पाणी पाजत होते आणि तिला लॉन म्हणत होते.

वसाहतीचा नियमच होता. प्रत्येक क्वार्टरपुढे लॉन हिरवी राहिलीच पाहिजे. वसाहतीवर देखरेख ठेवणारे एक साहेब होते, ते हातात वेताची काठी घेऊन फेरीला यायचे आणि कुठे पिवळं दिसलं की काठीने दाखवायचे. यजमान अजून कायम झाले नव्हते. साहेबांचा शेरा वाईट गेला तर क्वार्टरही जाणार आणि नोकरीही, ही भीती आमच्या मानगुटीवर कायम बसलेली.

त्या लॉनने माझा जीव नकोसा केला. तिच्यावर कुरडया घालता येत नव्हत्या, ज्वारी वाळवता येत नव्हती, रांगोळी काढता येत नव्हती. नळाचं पाणी ठरल्या वेळीच यायचं. त्यातल्या अर्ध्या बादल्या गवताला घालायच्या आणि उरलेल्यात धुणी-भांडी उरकायची. संध्याकाळी ओलीवर डास उठायचे. एकदा विटांच्या कडेला फुरसं निघालं, तेव्हापासून मी अंधार पडल्यावर पायरी उतरत नव्हते. सुट्टीच्या दिवशी हे बिचारे उकिडवे बसून कात्रीने गवत छाटायचे. छाटलेलं गवत टाकायचं कुठे, तर उकिरड्यावर, कारण शेळी पाळायची बंदी. वाढवायचं, पाणी घालायचं, कापायचं आणि फेकून द्यायचं! रानात असा उद्योग कोणी केला असता तर त्याला भूतबाधा झाली म्हणून देवऋष्याकडे नेला असता.

शेजारी हमीदाबी राहायची. तिचा नवरा कारखान्यात फिटर. तिची माझी लगेच गट्टी जमली. तिने विटांच्या आतल्या कडेने गुपचूप पुदिना लावला होता आणि साहेबांनी विचारलं की फुलझाड आहे म्हणून सांगायची. आम्ही दोघी पायरीवर बसून त्या चौकोनाचे मनातल्या मनात वाटे पाडायचो. इथे मेथीचा वाफा, इथे मांडवावर घेवड्याचा वेल, कोपऱ्यात शेवगा, आणि बाकीचं सगळं चोपून सारवलेलं अंगण, पोरांना लोळायला. "आपा, हे गवत खाता येत न्हाई का गं?" असं ती विचारायची आणि आम्ही हसायचो. पण आतून माझा नुसता संताप व्हायचा.

गळिताचा हंगाम जोरात असताना आबा मला भेटायला आले. बाजरी, शेंगा आणि आईने केलेले तिळाचे लाडू घेऊन आले. चांगले आठ-पंधरा दिवस राहायचं ठरवून आले होते. दुसऱ्या दिवशी हे कामावर गेले आणि मी हमीदाबीबरोबर बाजाराला गेले. आबांना म्हटलं, पडा जरा, प्रवासाचा शीण घालवा.

परत आले तर दारात माती. काळी, भुसभुशीत, उघडी माती. धोतराचा काचा मारून आबा कुदळ चालवत होते. अर्ध्याहून जास्त लॉन खणून झाली होती आणि काशांचा ढीग कडेला नीट रचलेला होता. ही कुदळ त्यांनी कोणाकडून मागून आणली देव जाणे. मला पाहून त्यांचा चेहरा फुलला.

"जावयाला येळ घावत न्हाई, दिसतंय मला. लेकीच्या दारात हरळी माजलीय, म्हनलं आपन हाय तवर काडून टाकावी. उद्या चोपून देतो, मंग तू सारव."

खरं सांगते, पहिल्यांदा मला आनंदच झाला. ओल्या मातीचा वास आला आणि वाटलं, हे माझं दार. मग आठवलं की उद्या सकाळी साहेबांची फेरी आहे.

"आबा, ती आपोआप उगवलेली न्हाई. ती लावलीय."

"लावलीय? हरळी?" त्यांनी कुदळ खाली ठेवली. "कुनी?"

मी सगळं सांगितलं. नियम, साहेब, यांची कायम न झालेली नोकरी. आबा पायरीवर बसले. त्यांनी कपाळाचा घाम पुसला, ढिगाकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं. मला त्यांचा राग येत नव्हता. मला त्या काठीवाल्या साहेबाचा, त्या विटांचा, त्या हिरव्या थेराचा इतका राग आला होता की बाजाराची पिशवी मी तिथेच आपटली.

थोड्या वेळाने आबा उठले आणि ढिगासमोर बसले. "बरं, लावायची म्हंजी कशी लावायची? बोटानं दाबायची का आडवी निजवायची?"

आमच्या सगळ्या भावकीत हा प्रश्न कोणी कोणाला विचारला नसेल. मलाही माहीत नव्हतं. मग त्यांनी स्वतःच एकेक हिरवा कोंब निवडून अंगठ्याने मातीत दाबायला सुरुवात केली. मी त्यांच्या शेजारी बसले. हमीदाबीने तिच्या घरच्या बादल्या आणून ओतल्या. आयुष्यभर जे हात हरळी उपटत आले, ते हात ती लावत होते आणि आम्ही तिघं एकमेकांकडे पाहत नव्हतो.

"ती मरायची न्हाई," आबा म्हणाले. "तेवडंच एक तिचं बरं हाय."

सकाळी साहेब आले. त्यांनी काठीने मातीत टोचलं, पाणी कमी पडतंय म्हणाले आणि पुढे गेले. दुपारच्या गाडीने आबा गावाला निघून गेले. रानात काम आहे म्हणाले. पुन्हा ते माझ्या क्वार्टरला कधीच आले नाहीत. दर वेळी काही ना काही निमित्त असायचं.

पुढच्या वर्षी यजमान कायम झाले. त्यानंतर लढाईमुळे धान्याची टंचाई वाढली आणि सरकारचा हुकूम आला की मोकळ्या जागेत भाजीपाला लावा. तेच साहेब, तीच काठी. "लॉन काढून टाका, देशाला अन्न हवं." हमीदाबीने आणि मी दिवसभरात ती खणली. मेथी आली, घेवडा आला, पण मला त्याची चव लागली नाही. वर्ष-दोन वर्षं आधी हे सुचलं असतं तर साहेबांचं काय जात होतं? आणि लढाई संपल्यावर काय झालं म्हणता? पुन्हा लॉनचा नियम.

नंतर चुलतबहिणीच्या लग्नाला मी गावी गेले. मांडवात बायकांनी मला घेरलं. शेजारच्या म्हाताऱ्या काकू म्हणाल्या, "व्हय गं गोदे, तुज्या दारात लई मोठं आंगन हाय म्हनं? आबा सांगत्यात, लेक असं सारवती की भाकर टाकून खावी. गवताची काडी न्हाई."

आबा पलीकडे पुरुषांत पान लावत बसले होते. त्यांना ऐकू गेलं असणार, कारण त्यांचा हात थांबला.

"व्हय काकू," मी म्हणाले. "लई मोठं हाय."

आबांनी मान वर केली नाही. पान दुमडून तोंडात घातलं.

आबा गेले, क्वार्टर सुटलं, आता आम्ही नगरात भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो आणि दारात फरशी आहे. घर कोणतं असं कोणी विचारलं तर मला गाव आठवत नाही, वसाहतही आठवत नाही. आबांनी गावभर सांगितलेलं ते अंगण आठवतं. माझं घर तेवढंच आहे, आणि मी त्यात एक दिवसही राहिले नाही.