बाहुल्यांच्या पेटीतला पेपर

गेल्या रविवारी म्हैसुरात नजरबादला काकांकडे गेले होते. काम म्हणाल तर एक जुनी पेटी उघडायची, बस. घरून, हिनकलहून निघताना वाटलं होतं, अर्ध्या तासात आटपेल आणि येताना भाजी घेऊन येऊ...

आधी काकांबद्दल सांगते. आमचं घराणं म्हैसूरच्या महाराजांच्या घोडदळातलं. दसऱ्याला घरातल्या तलवारीला झेंडूची माळ घालून सगळे नमस्कार करणार, आणि अशा घरातला धाकटा मुलगा चक्क युद्धाविरुद्ध पेपर काढायचा! कन्नड, चार पानांचा, महिन्यातून दोनदा. लिहायचे काका, छापून आणायचे काका, सायकलवरून वाटायचे पण काकाच.

आजोबा, म्हणजे काकांचे अप्पा, नुसते जमदग्नी. पहिला अंक घरी आला आणि त्यांनी तो गठ्ठाच्या गठ्ठा अंघोळीच्या बंबात घातला. काकांनी ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. तरीही पेपर तीनचार वर्षं चालला, मग पैसे संपले आणि बंद पडला.

आता एका कॉलेजच्या आर्काइव्हमधली मुलगी असे छोटे, गावोगावचे पेपर शोधत काकांपर्यंत पोचली. स्कॅन करून कायमचे ठेवणार म्हणे. आणि काकांकडे एकही अंक नाही! जे बंबातून वाचले असतील ते वाळवीने खाल्ले, असं ते नेहमी सांगायचे. तिला ‘सॉरी’ म्हणताना त्यांचा चेहरा इतका उतरला की मलाच कसंतरी झालं. वय झालंय हो आता... आपण काही केलं होतं याचा एक कागद तरी राहावा, एवढंच त्यांना हवं होतं.

तेव्हा मला एकदम काकीची पेटी आठवली.

म्हैसूरला नवरात्रात घरोघरी बाहुल्या मांडतात, गोंबे. काकीच्या बाहुल्या तिच्या माहेरच्या. त्या पेटीला घरातले पुरुष हात लावत नसत, तो बायकांचा प्रांत. एका दसऱ्याला काकी हॉलमध्ये बाहुल्यांचे कागद सोडत होती, शेजारच्या बायका बसलेल्या, आणि काकांना दिसलं की राणीच्या बाहुलीला त्यांचाच पेपर गुंडाळलाय.

झालं! सगळ्यांदेखत तिला वाट्टेल ते बोलले. एवढीच का माझ्या पेपरची किंमत, वगैरे. काकी फक्त हसली आणि म्हणाली, “कागद जाड आहे हो. बरा टिकतो.”

मी तेव्हा फ्रॉकमधली होते, पण ते हसणं मला आठवतंय. पुढे घरात तो जोकच झाला. काकांचा पेपर वाचतं कोण? तर बाहुल्या! आम्ही सगळे खिदळायचो, मी तर सगळ्यात जास्त. काकीही हसायची. काका मात्र त्यानंतर आपल्या लिखाणाबद्दल तिच्याशी कधी बोलले नाहीत. पार शेवटपर्यंत नाही.

काकी जाऊन आता दोन वर्षं होतील. तेव्हापासून पेटी पलंगाखालीच होती. म्हटलं, राणीचा तो एक अंक मिळाला तरी पुष्कळ...

पहिली बाहुली सोडली. वर रोजच्या वर्तमानपत्राचा कागद, काकीच्या शेवटच्या दसऱ्याचा. आत कडुलिंबाचा वाळलेला पाला, आणि त्याच्याही आत काकांचा पेपर. चारही पानं, न कापता, न फाडता.

दुसरीलाही तसंच. वाणी, वाणीण, हत्ती, मिरवणुकीतले शिपाई... अय्यो, त्या बंदूकधारी शिपायांना सुद्धा ‘युद्ध कोणाच्या मुलांनी लढायचं?’ असा मथळा गुंडाळलेला! मला हसू आलं आणि काकांकडे बघितल्यावर ते विरून गेलं.

काका अंक एकाखाली एक लावत होते. सगळे निघाले. पहिला तेवढा नव्हता, तो बंबातला. म्हणजे तो जळाल्यावरच काकीने ठेवायला सुरुवात केली होती... अशा जागी, जिथे आजोबांचा हात कधीच पोचला नसता.

शेवटचा अंक लावून काका म्हणाले, “त्या दिवशी अप्पा तिथंच बसले होते ग, माझ्या पाठीमागं. ती सांगणार तरी कशी?”

मला राहवलं नाही. म्हटलं, पण आजोबा गेल्यावर तरी सांगायचं होतं तिने...

“नंतर मी विचारलं कुठं, मगळे?”

काका मला मुलगीच मानतात, लाडात आले की मगळे म्हणतात. चष्मा काढून ते नुसते बसून राहिले, आणि मी राणीच्या डोक्यावरची धूळ पुसत राहिले. दुसरं करणार तरी काय?

बुधवारी आर्काइव्हची मुलगी आली. फार हळुवार हाताळत होती बिचारी. स्कॅन करण्याआधी पानं दाबून अगदी सपाट करून घेऊ, म्हणाली. काका म्हणाले, नको. आहेत तशीच घ्या.

तेव्हा उद्या कधी ते अंक ऑनलाइन आले आणि तुम्ही बघितलेत, तर पानापानावर आडव्यातिडव्या घड्या दिसतील. कुठे बाहुलीच्या खांद्याची, कुठे हत्तीच्या सोंडेची. खराब स्कॅन आहे म्हणून पुढे जाऊ नका, प्लीज. त्या आमच्या काकीच्या घड्या आहेत.

बाहुल्या अजून काकांच्या टेबलावर तशाच उघड्या उभ्या आहेत. गुंडाळायला मी कागद घेऊन गेले होते, पण ते म्हणाले, राहू दे, यंदा मी मांडतो. कशी मांडायची ते मात्र त्यांना माहीत नाही... आणि जिला विचारायचं, ती नाही.