न मारलेली लाथ

श्रीरामपूर आगारात मरियम साळवेला सगळे ‘साळवेबाई’ म्हणत. एसटीत कंडक्टर होऊन तिला एकवीस वर्षं झाली होती. पहाटेची ड्यूटी मागून घ्यायची, दुपारी घरी यायचं आणि पाच वाजले की शाळेच्या ग्राउंडवर हजर व्हायचं. तिथं तिची खो-खोची पोरं, म्हणजे पोरीच सगळ्या, वाट बघत असत. त्यांच्यासाठी ती मरियमताई होती. लग्नाआधी ती जिल्ह्याकडून खेळलेली. त्यामुळे तोंडानं सांगत बसण्यापेक्षा करून दाखवणं तिला सोपं वाटे.

त्या दिवशीही तेच झालं. जिल्हा स्पर्धा बारा दिवसांवर आली होती आणि खांबापाशी पोरींचा वेग मरत होता. धनश्री नावाची नववीतली पोरगी आदल्या दिवशी उशिरा आली, म्हणून मरियमनं तिला पहिल्या नऊ जणींतून काढलं होतं. ती गाल फुगवून मागं उभी होती.

“बघा गं, खांब धरायचा तो वळायला, लोंबकळायला नाही,” असं म्हणत मरियमनं पाय रोवला आणि झेप घेतली.

काडकन आवाज झाला. टाचेच्या वर कुणीतरी सणसणीत लाथ घातली असं तिला वाटलं आणि ती तोंडावर आपटली. मान वळवून बघते तर मागं दोन पावलांवर धनश्री.

“संघातून काढलं म्हणून लाथ मारतेस व्हय गं?”

“म्या न्हाई मारली, ताई.”

“खोटं बोलतेस वर! चालती हो. परत या ग्राउंडवर दिसायचं नाही.”

धनश्रीनं एकदा सगळ्यांकडं पाहिलं. बाकीच्यांचं लक्ष ताईच्या झेपेकडं होतं, मागं काय झालं ते कुणी पाहिलंच नव्हतं. दप्तर उचलून ती निघून गेली.

मरियमचा नवरा दानीएल तिला स्वतःच्या रिक्षानं दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरांनी तिला पालथं झोपवून पोटरी दाबली. पाऊल जरासुद्धा हललं नाही.

“टाचेची शीर, म्हणजे पोटरीला टाचेशी बांधणारा दोर, तुटलीय. ऑपरेशन करावं लागेल,” ते म्हणाले. “मागून कुणी लाथ मारल्यासारखं वाटलं का?”

“वाटलं कशाला? मारलीच.”

डॉक्टर हसले. “ही शीर तुटली की पेशंट हेच सांगतो. मागच्या महिन्यात एक मास्तर आले होते. ते तर शेजाऱ्याशी भांडूनच आले. मागं कुणी नसतं हो बाई. शीर तुटते तेव्हा तसंच वाटतं.”

मरियम उशीत तोंड खुपसून पडून राहिली. पाय दुखतोय, असं दानीएलला वाटलं.

ऑपरेशन होऊन ती घरी आली. चौथ्या दिवशी पोरी भेटायला आल्या. प्लॅस्टरवर नावं लिहिली, हसल्या. मरियमनं धनश्रीचं विचारलं, तशी संघातली निकिता फणकारली, “तिच्याशी कुणीच बोलत नाही ताई. डबासुद्धा एकटीच खाते. तसंच पाहिजे तिला.”

खरं सांगायची हीच वेळ होती. शब्द मरियमच्या ओठांवर आलेही होते. पण पोरी इतक्या मायेनं बघत होत्या, की तिनं “बिस्किटं घ्या गं” म्हटलं आणि विषय टाळला. त्या गेल्यावर मात्र तिला स्वतःचीच लाज वाटली. रागात झालेली चूक एक वेळ समजण्यासारखी, पण आजचं गप्प बसणं तिनं पूर्ण शुद्धीत केलं होतं.

रविवारी चर्चमधून येताना तिनं दानीएलला रिक्षा धनश्रीच्या वस्तीकडं घ्यायला सांगितलं. कुबड्या सावरत ती उतरली. धनश्रीची आई साळूबाई गडबडीनं खुर्ची घेऊन आली.

“ताई, एवढ्या पायानं कशाला आलात? पोरगी आठ दिस झालं खेळायला जात न्हाई. काय झालं ते बी सांगत न्हाई.”

म्हणजे पोरीनं घरात अवाक्षर काढलेलं नाही. मरियमनं साळूबाईसमोरच सगळं सांगितलं. दारात उभी राहून धनश्री ऐकत होती.

“चुकलं माझं, धनश्री. तू खरं सांगत होतीस.”

ओढणीचं टोक पिळत पोरगी म्हणाली, “तुमी इचारलंच न्हाई, ताई. तुमी आधीच ठरवलं हुतं.”

“हो, विचारलं नाही,” मरियम म्हणाली.

“पोरींना सांगाल?” धनश्रीनं विचारलं.

“उद्याच.”

दुसऱ्या दिवशी ग्राउंडवर खुर्ची टाकून मरियमनं पोरींना जवळ बसवलं आणि सांगितलं. डॉक्टरांनी काय म्हटलं ते सांगितलं, आणि त्या दिवशी घरी आपण गप्प का बसलो तेही. निकिता रडायला लागली. धनश्री त्या दिवशी आली नाही. बुधवारी आली आणि मुकाट्यानं रांगेत बसली.

संघ दुसऱ्याच फेरीत हरला. धनश्री नऊ जणींत होती आणि चांगली खेळली.

मरियमचं प्लॅस्टर निघून आता वर्ष होत आलंय. बसच्या पायऱ्या चढताना पाय अजून ओढतो. ग्राउंडवर ती करून दाखवत नाही, बोलून सांगते. काही चुकलं तर आधी विचारते आणि उत्तर येईपर्यंत थांबते. हे थांबणं तिला जड जातं. धनश्री रोज येते, सांगितलेलं सगळं करते. पण पूर्वीसारखी ताईच्या गळ्यात पडत नाही. मरियम वाट बघते. त्याबद्दल ती तिला काही म्हणत नाही.