मागच्या सीटवरचं वजन

त्रिसनादीच्या मोटरसायकलकडे कोणी वळलं की तो एकच शब्द म्हणायचा : "इन्रेयेन." म्हणजे इंजिन नवं बांधलंय, अजून रुळायचंय, जरा दमानं. मुंतिलानमध्ये हा शब्द नव्या इंजिनाला लावतात तसाच नव्या नवरा-बायकोलाही लावतात. त्यामुळे तो उच्चारला की ऐकणाऱ्याचे दात दिसलेच.

"कांग त्रिस, बाजारापर्यंत सोड की!" शेजारची बू दार्सिह पिशवी सावरत मागच्या सीटकडे निघालेली असायची.

"इन्रेयेन आहे, बू."

"अरे, माझ्या सुनेचं इन्रेयेन संपून पोर रांगायला लागलं! तुझं इंजिन काय हत्तीण आहे?"

गाडी दिसायला बापाच्या जमान्यातली, गोल दिवा आणि फुगीर टाकी. पण जुनं इंजिन केतेपच्या वरच्या चढाला धापा टाकायचं, आणि सासर नेमकं तिकडेच, कोबीच्या मळ्यांत. शेवटच्या वळणावर त्याची बायको याती खाली उतरायची, चपला हातात घ्यायची आणि गाडीच्या पुढे चालत "ये रे, ये म्हाताऱ्या," म्हणायची. गाडीला की नवऱ्याला, ते तिने कधी सांगितलं नाही. मग ती हाँगकाँगला घरकामाला गेली. मागे त्रिसनादी मिरची वाटायचे दगडी खल कोरत राहिला आणि त्या कमाईतून त्याने गाडीला मोठा पिस्टन, नवा कार्ब्युरेटर बसवून घेतला. ईदला याती आली की तिला न उतरवता वर न्यायचं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

"सुरुवातीला पन्नासच्या वर नको," मेकॅनिक पा केलिकने बजावलं होतं. "आणि पहिलं ऑइल बदलेपर्यंत मागे कोणी नको."

त्रिसनादीने पहिलं ऑइल बदललं, दुसरं बदललं, तिसरंही बदललं. मागे कोणाला बसवलं नाही आणि चढाला गाडी लावलीच नाही. काम आटोपलं की भाताच्या खाचरांकडेनं, सपाट रस्त्यावर, एकटाच हळूहळू हिंडायचा. घरी आला की मागची सीट पुसायचा. पुढची राहिली तर राहिली.

एका सकाळी सायलेन्सरमधून निळा धूर यायला लागला.

केलिकने इंजिन उघडलं आणि सिलिंडरमध्ये बोट फिरवलं. "काय रे, आरसा केलास की याचा! यात बघून भांग पाडता येईल."

"जपली मी, पा."

"जपली नाहीस, लाडावलीस! पिस्टनच्या रिंगांना सिलिंडर घट्ट धरायला भार लागतो. तुझा भार नाही, चढ नाही, नुसती मिरवणूक! रिंगा घसरून घसरून भिंत गुळगुळीत झाली. आता ऑइल वर येऊन जळतंय."

बाकावर कॉफी पीत बसलेला टेम्पोवाला फिस्सकन हसला. "याची बायकोच इन्रेयेनमध्ये पळाली, तिथं गाडीचं काय..."

"तू कॉफी पी," केलिक त्याच्याकडे न बघता म्हणाला. मग त्याने आवाज उतरवला. "आतून पुन्हा घासून देतो, रिंगा नव्या टाकतो. पण या खेपेला जरा रुळली की मागे कोणाला तरी बसव आणि चढ चढव. कोणालाही बसव, त्रिस."

रविवारी यातीचा फोन आला. सुट्टीला ती बागेत मैत्रिणींबरोबर बसायची. मागे बायकांचा कलकलाट चालू होता.

"कांग, जेवलास?"

"जेवलो. ईदचं तिकीट काढलंस?"

"कांग... मॅडमची आई पडली रे. त्यांना सोडून कसं येऊ? मी आणखी दोन वर्षांची सही केली."

तिच्या मागे कोणीतरी खिदळलं.

"बरं," त्रिसनादी म्हणाला.

"रागावलास?"

"नाही. तुझं वजन किती भरतं आता?"

"काय?"

"वजन."

"मला विकायला काढलंस की काय?" ती हसली. "अठ्ठेचाळीस. इथे जिने फार आहेत. का रे?"

"सहज."

गाडी दुरुस्त होऊन थोडी रुळल्यावर तो भंगारवाल्याच्या काट्यावर एकेक खल ठेवत गेला. काटा अठ्ठेचाळीसच्या पुढे सरकला तेव्हा एक लहान खल उतरवला. बाकीचे गोणीत भरून त्याने मागच्या सीटवर आवळून बांधले. बू दार्सिहने दारातून पाहिलं आणि पिशवी उचलून ती पायीच बाजाराकडे निघाली.

केतेप मागे पडलं आणि धुकं लागलं. शेवटच्या वळणाला त्याने गिअर उतरवला, मूठ पिळली. इंजिन घुमलं, पण अडखळलं नाही. वळण गेलं. त्याने आरशात पाहिलं. धूर नव्हता. गोणी होती.

भारानं घुमणारा तो आवाज ऐकून सासू, जिला तोही सिंबोक म्हणजे आई म्हणायचा, मक्याचं पीठ लागलेल्या हातांनी लगबगीनं अंगणात आली. तिला धुक्यात नीट दिसत नव्हतं.

"याती? आलीस का गं?"

त्रिसनादीने इंजिन बंद केलं.

"नाही, सिंबोक. दगड आहेत."

म्हातारी जवळ आली. तिने गोणीवर पिठाचा हात ठेवला आणि बराच वेळ तो तिथेच राहू दिला. भुरभुर पाऊस सुरू झाला होता.

"आत आण," ती म्हणाली. "भिजतील."

"दगड आहेत गं. भिजून काय होतंय त्यांना?"

"तरी आण," ती म्हणाली आणि गोणीची गाठ सोडायला लागली.