खोडाळ्यातून आखलेली बर्फाची सहल

खोडाळ्याच्या बाजारात, झेरॉक्सच्या दुकानात बसून पुष्पा लोकांचे ऑनलाइन अर्ज भरते. जातीचा दाखला, रेशनकार्ड, काय हवं ते. तिला जपानी येतं, हे मात्र गिऱ्हाइकांना ठाऊक नाही. सांगून उपयोग तरी काय?

दोन वर्षांपूर्वी ती आणि तिची धाकटी मावसबहीण रविना, दोघी नाशिकला जपानी शिकल्या. जपानमधल्या वृद्धाश्रमांत म्हाताऱ्यांची सेवा करायला मुली हव्या होत्या. परीक्षेत पुष्पा पहिली, रविना कशीबशी पास. पण तपासणीत पुष्पाचं रक्त कमी निघालं. तीन महिन्यांनी पुन्हा या, म्हणाले. गावच्या दवाखान्यातल्या सरू नर्सने रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या. त्यांनी मळमळतं म्हणून पुष्पाबाईंनी चौथ्या दिवशी पाकीट चुलीत घातलं. दोष तिचाच. पण रक्त वाढलं नाही, जागा गेली रविनाला, आणि तेव्हापासून तिचं नाव निघालं की पुष्पाच्या पोटात निखारा पडतो.

ऑक्टोबरात, भर दुपारी रविनाचा व्हिडिओ कॉल आला.

"ताय, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आश्रमातल्या आम्हा चौघींना दोन दिवस सुटी आहे. बर्फावर घसरायला जायचंय, पायाला फळ्या बांधून! आमच्यातल्या कुणीच कधी केलं नाही. तू आखून दे ना."

"तू तिथं, नि आखू मी?"

"माला ती चित्रासारखी अक्षरं अजून पटापट वाचता येत नाहीत. तुझ्याइतकं कुणाला येतं?"

गोड बोलून काम काढून घेणं हिला जन्मापासून जमतं. तिने एका उंच, पांढऱ्याशुभ्र डोंगराचा फोटो पाठवला. "हाच हवा."

पुष्पाने सगळं वाचून काढलं. खाली बारीक अक्षरांत खरी गोम होती. हंगामाच्या सुरुवातीला बर्फ फक्त माथ्यावर. तारेवरच्या पाळण्यातून वर जायचं, आणि वरचे उतार सरावलेल्यांचे. नवशिक्यांचा पायथ्याचा उतार उघडणार डिसेंबर सरता सरता. दुसरीकडे एक लहान टेकडी होती. बर्फ यंत्राने पाडलेला. तपकिरी डोंगरावर धोतर वाळत घातल्यासारखी एकच पट्टी. पण उतार सौम्य, वर न्यायला सरकता पट्टा आणि शिकवायला बाई.

पुष्पाने मोठ्या डोंगराचा अर्ज भरला. मागितलं तेच देतेय, मला बोल कसला? शेवटचं बटण तेवढं राहिलं.

बोट तिथंच अडलं. दिवाळीनंतर गवत वाळलं की गावामागच्या उतारावर पोरं खताच्या रिकाम्या गोणीवर बसून घसरायची. पुष्पा त्यांची म्होरकी. सात वर्षांची रविना एकदा न विचारता बसली, ती थेट करवंदीच्या जाळीत. पुष्पाने आधी तिचे काटे काढले, मग थोबाडीत दिली. "आधी टाच रोवायला शिक, मग बस!"

ती अजून तशीच आहे. न विचारता बसणारी.

"मरेल मेली," म्हणत पुष्पाने अर्ज पुसला, टेकडीचा भरला आणि फोन लावला.

"तुझा डोंगर रद्द. टेकडी घेतलीय, धोतराएवढ्या बर्फाची."

"शी! त्या धोतरावर फोटो काय येणार?"

"प्लास्टरातल्या पायाचा फोटो हवाय? ऐक. कोट, बूट, फळ्या तिथं भाड्याने मिळतील. हातमोजे नि सुके पायमोजे स्वतःचे ने. पहिले दोन तास शिकवणीचे. ते चुकवलेस तर मेलीस माझ्या हातून."

"तू जळतेस माझ्यावर."

"जळते. मग? टेकडीच."

डिसेंबरात व्हिडिओ आला. रविना चारदा आपटली, पाचव्यांदा तिने टाचा बाहेर ढकलल्या आणि थांबली. खाली लिहिलं होतं, 'बाई म्हणाल्या, थांबायला सगळ्यांत आधी मीच शिकले. मी सांगितलं, तायने शिकवलंय.'

पुष्पाने तो सात वेळा पाहिला. निखारा विझायचा तो उलट फुलला. त्या फळ्या तिला स्वतःच्या पायांना हव्या होत्या. तिने शटर ओढलं आणि तरातरा दवाखाना गाठला.

"सरूताई, रक्तवाढीच्या गोळ्या द्या."

"मळमळतं म्हणत होतीस ना?"

"मळमळू दे."