थॅकलींचा सॅम्युअल

लुक्रिशिया थॅकली रविवारच्या जेवणाला भावजयीला एकच प्रश्न विचारायची. “आमची माणसं सोळाशे बासष्टमध्ये इथे आली. तुझी कधी गं, ब्रोन्या? कांद्याच्या गाडीतून ना?” सगळे हसायचे. ब्रोन्याचा नवरा एलियटही हसायचा आणि बटाट्यांचं भांडं पुढे सरकवायचा.

ब्रोन्या पोलिश. तिचे आईवडील मॅसॅच्युसेट्समध्ये नदीकाठच्या शेतांवर कांदे काढायला आले आणि तिथेच राहिले. आमच्या ॲशबी फॉल्स गावात थॅकलींच्या घरी सून म्हणून आली तेव्हा ती बावीस वर्षांची होती. चाळिशीला पोचली तरी त्या घरात ती पाहुणीच होती.

१९७६च्या चार जुलैला अमेरिकेच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षं पूर्ण व्हायची होती. त्या सोहळ्यासाठी लुक्रिशियाला घराण्याचा इतिहास छापून हवा होता. जुनी कागदपत्रं वाचण्याची चिकाटी घरात दुसऱ्या कुणाकडे नव्हती, म्हणून काम ब्रोन्यावर आलं. मी नगर कचेरीत दप्तर सांभाळायचे. सात वर्षं ती दर मंगळवारी माझ्याकडे यायची. चर्चच्या नोंदी, मृत्युपत्रं, जमिनीचे कागद ती भिंगातून वाचायची. दुपारी आम्ही तिच्या डब्यातले पिएरोगी, बटाटा भरून उकडलेल्या पोलिश करंज्या, खायचो. “सासरच्यांना चालत नाहीत, तू तरी खा,” ती म्हणायची.

तिसऱ्या वर्षापर्यंत वंशावळ सरळ चालली होती. मग एका सकाळी जुन्या दफनभूमीत ती आरसा घेऊन गेली. झिजलेल्या दगडावर आरशाने तिरपं ऊन टाकलं की अक्षरं उठून दिसतात. कॅप्टन जोनाथन थॅकलीची चार मुलं घटसर्पाने एका महिन्यात गेली होती, हे तिला माहीत होतं. चौथ्याचं नाव मात्र कुठे लिहिलेलं नव्हतं. आता चौथ्या दगडावर ‘सॅम्युअल, वय सात, १७४६’ असं होतं.

“मॉड,” ती कचेरीत येऊन मला म्हणाली, “आजचे सगळे थॅकली सॅम्युअलपासूनचे. आणि सॅम्युअल तर सातव्या वर्षी मेला. मग जो मोठा झाला, लग्न केलं, तो कोण?”

त्याचं उत्तर शोधायला तिला आणखी चार वर्षं लागली. ते गावच्या सभेच्या वहीत मिळालं. १७४७ साली पेशन्स क्रोल नावाची एक गरीब विधवा गावात आली होती. तिचा भार गावावर पडू नये म्हणून पंचांनी तिला हद्दीबाहेर जायला सांगितलं. तिचा आठ वर्षांचा मुलगा आयझॅक मात्र ठेवून घेतला आणि कॅप्टन थॅकलीच्या हवाली केला. ‘यापुढे त्यास सॅम्युअल म्हणावे.’ खाली पंच म्हणून कॅप्टनचीच सही होती.

ते वाचून ब्रोन्या हसत सुटली. इतकी, की मला दार लावून घ्यावं लागलं. “थॅकलीचा एक थेंब नाही यांच्यात, मॉड! भिकारणीची नातवंडं! आणि मला कांद्याची गाडी!”

मग तिने पान उलटलं. पेशन्स मुलासाठी तीनदा परत आली होती. तिसऱ्यांदा तिला सभागृहासमोर दहा फटके मारले. त्या हिवाळ्यात ती नदीकाठी गोठून मेलेली सापडली. ब्रोन्याचं हसू थांबलं. बराच वेळ तिने बोट त्या ओळीवरून उचललं नाही.

तिने पुढच्या रविवारी घरी सगळं सांगितलं. काय झालं ते तिनेच मला नंतर सांगितलं.

“हे छापायचं नाही,” लुक्रिशिया म्हणाली.

“ती तुमची आजी आहे, लुक्रिशिया. खरी आजी. नाव तरी घ्या तिचं.”

“वीस वर्षं तू याचीच वाट बघत होतीस. आम्हाला खाली ओढायची.”

“हो, होते,” ब्रोन्या म्हणाली. “पहिल्या पानापर्यंत होते. दुसरं पान वाचलं आणि ती हौस फिटली.”

तिने नवऱ्याकडे पाहिलं. एलियट म्हणाला, “दोनशे वर्षांपूर्वीची बाई. कुणाला काय फरक पडतो? तिला कशाला दुखवायचं?” यातली ‘ती’ म्हणजे त्याची बहीण.

त्यानंतर महिन्याभरात गावच्या सभेची ती वही बांधणीसाठी मागवली गेली. मागणारी चिठ्ठी लुक्रिशियाने आणली, सोहळ्याच्या समितीची अध्यक्ष म्हणून. वही का हवी होती ते मला कळत होतं. पण मला नोकरी टिकवायची होती आणि घरात आजारी आई होती. मी वही कागदात गुंडाळून दिली. ती परत आली नाही, आणि मीही पुन्हा विचारलं नाही.

पुस्तक चार जुलैला निघालं. त्यात सॅम्युअल कॅप्टनचा पोटचा मुलगा होता. बाप्तिस्म्याची तारीख मेलेल्या मुलाची दिली होती. तळटिपेत छापलं होतं: ‘मूळ नोंदी सौ. एलियट थॅकली यांनी तपासल्या आहेत.’ बँड वाजत होता, लोक पुस्तकावर लुक्रिशियाच्या सह्या घेत होते. सौ. एलियट म्हणजे ब्रोन्याच. तिने ती ओळ उभ्या उभ्या वाचली आणि पुस्तक माझ्या हातात दिलं. “वही कुठे आहे, मॉड?” मी पुस्तक मिटून काखेत धरलं. “बरं,” ती म्हणाली आणि गेली.

त्याच आठवड्यात ती भावाच्या शेतावर राहायला गेली. घटस्फोट घेतला नाही, तिच्या कॅथलिक पंथात बसत नव्हता. एलियट तीन मैलांवर राहून एकदाही तिला न्यायला गेला नाही. नोव्हेंबरात पोलिश चर्चमध्ये मेलेल्यांची नावं वाचतात, त्यांत ती दरवर्षी पेशन्स क्रोल आणि आयझॅक क्रोल ही नावं घालायची. पाद्रीबाबांनी विचारलं, “ही इंग्रज बाई तुमची कोण?” ती म्हणाली, “सासरकडची. त्या बाजूला दुसरं कुणी नाही मला.”

हे मला तिच्या भावाने सांगितलं, तिला पुरल्यानंतर. त्या सोहळ्यानंतर ती कचेरीची पायरी चढली नव्हती, आणि मी शेतापर्यंत जाण्याचा धीर कधी केला नाही.

आता ओहायो, ओरेगॉन, कुठून कुठून थॅकली येतात. कॅप्टनच्या दगडापाशी फोटो काढतात आणि मग माझ्याकडे पुस्तक मागतात. मी कपाटातून काढून देते. कुणी विचारलं, “हे पक्कं आहे ना?” तर तळटिपेवर बोट ठेवते.